ताज्या दमाचा गडी

खो-खोच्या मैदानावर पाठलाग करणारा गडी दमू लागला, की तो बसलेल्या सोबत्याला खो देतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. शाळेच्या पटांगणावर शिकलेले हे शहाणपण, घरात दीर्घ आजारपण शिरले की आपण विसरून जातो. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, स्मृतिभ्रंश झालेले वडील, खुब्याचे हाड मोडलेली पत्नी यांची शुश्रूषा बहुतेक घरांत एकाच माणसाच्या वाट्याला येते आणि स्वतः आजारी पडेपर्यंत तो ती एकटाच करीत राहतो. दुसरीकडे, वयोवृद्धांनाही आपल्या उतरत्या शक्तीचा हिशेब मांडणे जड जाते. पूर्वीइतके होत नाही म्हणजे आता आपल्या हातून काहीच होणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतलेले असते.

वाचकहो, या दोन्ही प्रश्नांचा विचार करताना मला एका दूरदेशीच्या खेळाडूची कारकीर्द फार उपयोगी वाटते. त्यांचे नाव मारिआनो रिव्हेरा. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क यांकीज’ या व्यावसायिक बेसबॉल संघाकडून ते १९९५ ते २०१३ अशी १९ वर्षे खेळले. सामन्याच्या अखेरीस दमलेल्या सोबत्याच्या जागी यायचे, थोडाच वेळ चेंडू टाकायचे आणि हाती आलेली आघाडी जपायची, एवढेच त्यांचे काम. अशा खेळाडूला ‘रिलीफ पिचर’ म्हणतात. हे थोडेसे काम त्यांनी इतक्या निष्ठेने केले, की २०१९ साली बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी मतदान झाले तेव्हा सर्वच्या सर्व ४२५ मते त्यांना मिळाली. असा मान त्यापूर्वी एकाही खेळाडूला मिळाला नव्हता.

एका हाताचे काम नव्हे

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. आपल्या क्रिकेटमध्ये गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि पुढचे षटक दुसऱ्याच्या हाती जाते. बेसबॉलच्या पिचरला ही उसंत नसते. दोन्ही संघांचे आलटून पालटून नऊ-नऊ डाव होतात. प्रत्येक डावात समोरचे तीन फलंदाज बाद होईपर्यंत पिचर सुमारे साडेअठरा मीटरवरून एकामागून एक चेंडू फेकत राहतो. वेगवान पिचरचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. या फेकीचा खांद्यावर आणि कोपरावर इतका ताण येतो, की कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध झिजणे किंवा तुटणे हे या खेळाडूंचे नेहमीचे दुखणे आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच शरीरातील दुसरी कंडरा बसवली. ती शस्त्रक्रिया आजही त्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते.

जुन्या काळी ज्याने सामना सुरू केला त्यानेच तो संपवावा, अशी रीत होती. साय यंग या विख्यात पिचरने आपल्या कारकिर्दीत ७४९ सामने असे एकहाती पूर्ण केले. मध्येच बदली होणे ही नामुष्की समजली जाई आणि बदलीवर येणारा म्हणजे कच्चा किंवा उतरणीला लागलेला खेळाडू, असा समज होता. हळूहळू संघांच्या ध्यानात आले, की थकलेला उत्तम पिचर हा ताज्या दमाच्या साध्या पिचरपेक्षाही धोक्याचा ठरतो. १९६९ पासून आघाडी राखून सामना संपवणाऱ्या रिलीफ पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ हा अधिकृत विक्रम लिहिला जाऊ लागला. आज पहिल्या पिचरने नऊही डाव टाकणे हीच दुर्मीळ घटना झाली आहे.

या व्यवस्थेतील दोन गोष्टी आपण घरासाठी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की दमलेला पिचर सहसा स्वतःहून ‘मला बदला’ म्हणत नाही. संघाचा व्यवस्थापक मैदानात चालत जातो, हात पुढे करतो आणि चेंडू मागून घेतो. दुसरी अशी, की बदलीचा खेळाडू एकदम मैदानात उतरत नाही. ‘बुलपेन’ नावाच्या राखीव जागेत तो आधी हलके चेंडू टाकून अंग मोकळे करून घेतो. दमणूक ओळखणारी एक त्रयस्थ नजर आणि आधीपासून तयार असलेला दुसरा हात, या दोन्ही गोष्टी शुश्रूषेतही तितक्याच आवश्यक आहेत.

मच्छीमारांच्या गावातून

रिव्हेरा यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९६९ चा, मध्य अमेरिकेतील पनामा देशातला. बालपण पुएर्तो कायमितो या मच्छीमारांच्या गावी गेले. वडील मासेमारीच्या नौकेवर कप्तान होते. मुले झाडाच्या फांदीची बॅट आणि दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे हातमोजे करून समुद्रकिनारी खेळत. तरुणपणी मारिआनो वडिलांच्या नौकेवर काम करू लागले. बेसबॉल हा केवळ छंद होता आणि त्यातही ते पिचर नव्हतेच. गावाकडच्या संघाच्या पिचरचा खेळ बिघडल्यामुळे त्यांनी चेंडू हाती घेतला आणि तो सहज, सरळ व अचूक जातो असे पाहणाऱ्यांच्या ध्यानात आले. १९९० मध्ये यांकीजने त्यांना करारबद्ध केले. करारापोटी मिळालेली रक्कम अवघी दोन-तीन हजार डॉलरांची होती. घरी दूरध्वनी नव्हता आणि परदेशाची भाषा येत नव्हती. आईवडिलांना पत्रे लिहून ते घरच्या आठवणीवर मात करीत.

१९९२ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यातून सावरून मे १९९५ मध्ये ते मुख्य संघात आले, तेही सामना सुरू करणारे पिचर म्हणून. तेथे त्यांचे फारसे जमले नाही. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघाने पाच धावा काढल्या आणि काही आठवड्यांत त्यांची दुय्यम संघात रवानगी झाली. ते पुन्हा वर आले, पण सामन्यावर त्यांची खरी पकड बसली ती १९९६ मध्ये, सातव्या-आठव्या डावात बदलीवर येण्याचे काम मिळाल्यावर. त्या वर्षी त्यांनी १०७ डाव टाकून १३० फलंदाज ‘स्ट्राइक आउट’ केले. संघाने जगज्जेतेपद मिळवले. १९९७ पासून अखेरचा नववा डाव त्यांच्याकडे आला आणि पुढे तो त्यांचाच झाला.

आजी-आजोबांनो, येथे क्षणभर थांबावे. हा माणूस पाच-सहा डावांच्या कामात सामान्य ठरला होता, एक-दोन डावांच्या कामात तो अजोड ठरला. हात तोच होता. शक्तीला साजेसे काम मिळताच तिचे मोल वाढले. सत्तरीनंतर सकाळपासून रात्रीपर्यंत सारे घर सांभाळण्याचा अट्टहास धरला, तर संध्याकाळी गुडघे सुजतात, चिडचिड होते आणि रक्तदाब चढतो. तेच काम दोन तासांचे ठरवून घेतले, तर ते नीट होते आणि दुसऱ्या दिवशीही करता येते. नातवाचा अभ्यास, भाजी निवडणे, वीजबिलांचा हिशेब, कुंड्यांना पाणी यांपैकी एखादा ‘डाव’ आपला म्हणून ठरवावा. मधल्या वेळची विश्रांती हा त्या कामाचाच भाग समजावा. संधिवात, हृदयविकार किंवा दम्याच्या रुग्णांनाही आम्ही डॉक्टर हेच सांगतो: थकवा आल्यावर थांबण्यापेक्षा थकवा येण्याआधी थांबावे.

जे हाताला येते ते

१९९७ च्या जून महिन्यातील गोष्ट. एका सोबत्याबरोबर सरावासाठी चेंडूची फेकाफेक करताना रिव्हेरा यांचा चेंडू शेवटच्या क्षणी अचानक बाजूला सरकू लागला. पकडणाऱ्याला तो झेलणे अवघड होऊ लागले. त्यांनी मुद्दाम काही केले नव्हते. प्रशिक्षकांसह त्यांनी काही दिवस तो पुन्हा सरळ करण्याची खटपट केली. चेंडू काही ऐकेना. अखेरीस त्यांनी तो सोडून दिला, म्हणजे जसा जातो तसाच जाऊ दिला. हाच त्यांचा प्रसिद्ध ‘कटर’. पुढे सोळा वर्षे त्यांनी बहुतांशी हा एकच चेंडू टाकला. तो येणार हे समोरच्यांना ठाऊक असे, तरीही फलंदाजांच्या बॅटी मुठीजवळ मोडत. २०१३ मध्ये मिनेसोटाच्या संघाने त्यांना निरोपाची भेट दिली ती अशाच मोडक्या बॅटींपासून बनवलेल्या झुलत्या खुर्चीची!

वय वाढते तसे शरीरही आपल्याला न विचारता आपली चाल बदलते. झोप पहाटे लवकर उघडते, भूक थोडी होते, पावले आखूड पडतात. यातील काही बदल आजाराचे असतात. अचानक वजन घटणे, एकाएकी तोल जाणे, नव्याने आलेला विसरभोळेपणा यांची तपासणी व्हायलाच हवी, ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देऊ नयेत. तपासणीत आजार निघाला नाही, तर मात्र उरलेल्या बदलांशी रोज भांडत बसू नये. पहाटे चारला जाग येत असेल तर रात्री नऊला पडावे. दोन वेळा पोटभर जेवण जात नसेल तर चार वेळा थोडे खावे. पावले आखूड पडत असतील तर हातात काठी घ्यावी, ती चारचौघांत मिरवावी. बदललेल्या चालीनेही मुक्कामाला पोहोचता येते.

हरलेला दिवस

अखेरच्या डावात येणाऱ्याचे अपयश झाकत नाही. इतरांनी आठ डाव राखलेली आघाडी त्याच्या एका चेंडूने जाते आणि दोष सर्वस्वी त्याच्या माथी येतो. १९९७ च्या अंतिम टप्प्यातील सामन्यात विजय अगदी जवळ असताना रिव्हेरा यांच्या चेंडूवर समोरच्या फलंदाजाने षटकारासारखा ‘होम रन’ मारला आणि यांकीजची त्या वर्षाची आशा पुढच्या सामन्यात मावळली. पुढच्या वर्षीच्या अंतिम टप्प्यात याच माणसाने एकही धाव दिली नाही.

४ नोव्हेंबर २००१ चा पराभव याहून मोठा. ‘वर्ल्ड सिरीज’चा सातवा, निर्णायक सामना होता. नवव्या डावात २-१ अशी आघाडी होती आणि चेंडू त्यांच्या हाती होता. त्याआधी अंतिम टप्प्यांत सलग २३ वेळा त्यांनी आघाडी राखली होती. त्या रात्री ती गेली आणि संघ ३-२ असा हरला. या हरण्याला एक जोड आहे. संघ जिंकला असता तर न्यूयॉर्कमध्ये विजयाची मिरवणूक निघाली असती आणि ती आटोपून त्यांचे सहकारी एन्रिके विल्सन १२ नोव्हेंबरच्या विमानाने मायदेशी निघणार होते. मिरवणूक रद्द झाल्यामुळे ते आधीच गेले. १२ तारखेचे ते विमान न्यूयॉर्कमध्येच कोसळले आणि त्यातील २६० जणांपैकी एकही वाचला नाही. आपण हरलो याचा मला आनंद आहे, कारण माझा मित्र आज जिवंत आहे, अशा आशयाचे उद्गार रिव्हेरा यांनी पुढे काढले.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनात असे हरलेले दिवस साठलेले असतात. ‘त्या रात्री मला डुलकी लागली नसती तर आई पडली नसती’, ‘मी बाबांवर ओरडायला नको होते’ अशी वाक्ये माझ्या खोलीत रुग्णापेक्षा सोबत आलेली माणसेच अधिक बोलतात. घडल्या गोष्टीपासून शिकायचे ते शिकावे: न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, पलंग खाली घ्यावा, रात्रीचा दिवा चालू ठेवावा. त्यानंतर तो दिवस मिटवावा. अपराधी मनाने केलेली सेवा कोणाच्याच अंगी लागत नाही, करणाऱ्याच्याही नाही आणि घेणाऱ्याच्याही नाही.

गुडघा आणि पोटरी

३ मे २०१२ रोजी कॅन्सस सिटी येथे सामन्यापूर्वीच्या सरावात उंच आलेला चेंडू झेलण्यासाठी धावताना रिव्हेरा यांचा उजवा गुडघा मुरगळला. गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध तुटला होता. वय होते ४२. कारकीर्द संपली, असे बहुतेकांनी धरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्रकारांना ठामपणे सांगितले, की मी परत येणार आहे.

यापुढची हकीकत क्रीडापानांवर कमी आणि वैद्यकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. दुखापतीनंतर थोड्याच दिवसांत त्यांची पोटरी दुखू लागली. तपासणीत पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू झाली आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया जून महिन्यात झाली. रोज व्यायाम करणाऱ्या खेळाडूला हे होऊ शकते, तर पाय मोडून पडून राहिलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला त्याचा धोका किती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पुढील गोष्ट घरातील प्रत्येकाला माहीत असू द्यावी. दुखापत, शस्त्रक्रिया, दीर्घ आजारपण किंवा लांबचा प्रवास यांनंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम किंवा लालसर वाटली, तर तेल लावून चोळू नये. आपल्याकडे दुखऱ्या पायाला मालीश करण्याचा प्रघात आहे, परंतु गुठळी असताना चोळल्यास ती सुटून फुफ्फुसात जाण्याची भीती असते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पायाच्या सोनोग्राफीने, म्हणजेच कलर डॉपलरने, निदान होते. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काही झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गुठळीवरील गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि दुप्पटही घेऊ नयेत. त्या चालू असताना काळी शौचास झाली, हिरड्यांतून रक्त आले किंवा डोक्यावर पडणे झाले, तर रुग्ण ठीक दिसत असला तरी डॉक्टरांना दाखवावे. पडून असलेल्या रुग्णाने, डॉक्टरांची मनाई नसेल तर, जागेपणी दर तासाला दोन्ही पावले दहा-पंधरा वेळा वर-खाली हलवावीत.

रिव्हेरा यांनी उरलेले वर्ष गुडघ्याच्या व्यायामात घालवले आणि २०१३ च्या हंगामात ते मैदानावर परतले. ४३ व्या वर्षी त्यांनी ४४ सामन्यांत आघाडी राखून ‘सेव्ह’ मिळवले. शस्त्रक्रियेने अस्थिबंध जोडला, चालते केले ते व्यायामाने. आपल्याकडे गुडघा किंवा खुबा बदलण्यासाठी लाखो रुपये खर्च करणारी घरे फिजिओथेरपीच्या पंधराव्या दिवशी कंटाळतात. ‘आता दुखते, राहू द्या’ असे आजी म्हणतात आणि मुलांनाही ते सोयीचे वाटते. मग मांडीचे स्नायू रोडावतात, तोल जातो आणि दुसऱ्यांदा पडणे होते. दिवसातून तीन वेळा, जवळ कोणी उभे असताना, खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे हा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने बहुतेकांना करता येतो.

घरातील बुलपेन

आता शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. पुढील चिन्हे दिसली तर चेंडू मागून घेण्याची वेळ झाली, असे घरातील इतरांनी समजावे: रात्रीची सलग झोप कित्येक दिवस न मिळणे, स्वतःच्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या विसरणे, कंबरदुखी, क्षुल्लक कारणावरून रडू येणे, रुग्णाचा राग येणे आणि त्या रागाची लाज वाटणे. सूनबाई स्वतः सांगणार नाहीत. पंचाहत्तरीचे आजोबा तर ‘मी धडधाकट आहे’ असेच म्हणतील. परगावी असलेल्या मुलाने केवळ आईची प्रकृती विचारू नये, आईला सांभाळणाऱ्या वहिनीचीही विचारावी.

आपल्याकडे भेटायला येणारे आप्त ‘काही लागले तर सांगा’ म्हणून जातात. मनापासूनच म्हणतात. पण सांगणाऱ्याला संकोच वाटतो आणि मदत दारातूनच परत जाते. रिलीफ पिचरला एक निश्चित डाव नेमून दिलेला असतो, हे येथे कामी येते. मदत मागताना लहान आणि नेमकी मागावी. ‘भाऊजी, दर रविवारी चार ते सात आपण आईंपाशी बसाल का?’ असे विचारले तर नकार क्वचितच येतो. धाकटी नणंद महिन्यातील एक शनिवार-रविवार घेईल, नातू औषधे आणण्याचे काम घेईल, शेजारच्या काकू आठवड्यातून एक दुपार देतील. ज्यांना परवडते त्यांनी ब्यूरोमार्फत दिवसाची वा रात्रीची मावशी ठेवावी. गावात वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र असेल तर त्याची चौकशी करावी.

मात्र बदलीचा माणूस ‘अंग मोकळे करून’ आलेला हवा. नव्या मावशींवर पहिल्याच दिवशी सारे सोपवून बाहेर पडू नये. एक-दोन दिवस दोघींनी मिळून काम करावे: कुशीवर कसे वळवायचे, घास केवढा द्यायचा, पाणी पिताना ठसका लागतो का, भीती वाटू लागली की कोणते बोलणे किंवा कोणता अभंग ऐकून आजी शांत होतात, हे दाखवून द्यावे. एक वही ठेवावी. तीत औषधांची नावे व वेळा, न चालणारी औषधे, लघवी-शौचाची नोंद, डॉक्टरांचा आणि जवळच्या दोन माणसांचा दूरध्वनी क्रमांक असावा. आल्यागेल्याने ती वाचावी आणि भरावी.

बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. घराचा नियम सुदैवाने इतका कठोर नाही. चार तास झोपून, देवळात जाऊन किंवा मैत्रिणीकडे चहा घेऊन परत येता येते, आणि परत येणारा माणूस अधिक प्रेमाने हात लावतो. रुग्णांनीही येथे आपला वाटा उचलावा. ‘मला तुझ्याच हातचे लागते’ हे वाक्य मायेचे असले, तरी ते ऐकणाऱ्याला बांधून ठेवते. ‘जा, जरा फिरून ये, मी मावशींबरोबर ठीक आहे’ एवढे आजींनी म्हटले, तर तो सुनेला दिलेला मोठा आशीर्वाद ठरेल.

चेंडू सुपूर्द

आपण कधी थांबणार हे रिव्हेरा यांनी स्वतः ठरवले. २०१३ च्या मार्च महिन्यात त्यांनी जाहीर केले, की हा आपला अखेरचा हंगाम. त्या वर्षी ज्या ज्या शहरात सामना असे, तेथे ते मैदानावरील पडद्याआडच्या माणसांना भेटत: तिकिटे विकणारे, स्वयंपाकघरातील कामगार, मैदानाची निगा राखणारे. त्यांचे ऐकून घेत आणि त्यांचे आभार मानत. आपल्या घरी रात्रपाळी करून सकाळी बसने परतणाऱ्या मावशींच्या नावाची, गावाची आणि मुलाबाळांची आपण किती विचारपूस करतो, हे एकदा स्वतःशी पाहावे.

२६ सप्टेंबर २०१३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या घरच्या मैदानावर ते अखेरचे उतरले. त्यांनी समोर आलेले चारही फलंदाज बाद केले. नववा डाव संपायला एक गडी उरला असताना बदली करण्याचे ठरले. त्या वेळी व्यवस्थापकाने स्वतः न जाता त्यांचे दोन जुने सोबती, डेरेक जेटर आणि अँडी पेटिट, यांना चेंडू घ्यायला पाठवले. दुय्यम संघापासून बरोबर खेळलेली ही माणसे. रिव्हेरा यांनी चेंडू दिला, पेटिट यांच्या खांद्यावर डोके टेकले आणि ते लहान मुलासारखे रडले. सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवीत होते. त्यांच्या नावावर ६५२ ‘सेव्ह’ होते, इतर कोणाहीपेक्षा अधिक.

स्कूटरची किल्ली, बँकेचे व्यवहार, स्वयंपाकघराचा ताबा, आजारी जोडीदाराची रात्रीची जागरणे यांपैकी काही ना काही सोडण्याची वेळ प्रत्येकावर येते. हिसकावून घेतल्यासारखे झाले तर ते मनाला लागते. म्हणून तरुणांनी मागायला जाताना जेटर-पेटिट यांच्यासारखे जावे, मिठी मारण्याच्या तयारीने. आणि वडीलधाऱ्यांनी हातात जोर असतानाच, आपल्या मनाप्रमाणे, एकेक चेंडू सुपूर्द करावा. या पंधरवड्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून कागदावर एवढेच लिहावे: आपल्या घरी सध्या कोण किती डाव टाकते आहे, आणि पुढचा गडी कोण.